फुंकरबाईंचा उजवा डोळा

फुंकरबाईंचं खरं नाव घरात फक्त त्यांचे यजमान घेत, आणि तेही भांडण हाताबाहेर गेलं तरच. एरवी सगळे त्यांना फुंकरबाई म्हणत. मेडिकल कॉलेजच्या शरीरक्रियाशास्त्र विभागात त्या तंत्रज्ञ होत्या. पण विभागाचं हे नाव एका दमात म्हणणं हीच मुळात फुप्फुसांची परीक्षा. त्यामुळे कुणी विचारलं तर ‘मी पोरांना फुंकायला लावते’ एवढंच त्या सांगत.

ते खरंच होतं. विभागाच्या प्रमुख मॅडमचं एक संशोधन मुलांच्या फुप्फुसांवर चाललं होतं. मोठ्या रस्त्याकडेच्या, दिवसभर ट्रकचा धूर गिळणाऱ्या शाळांतली मुलं जास्त जोरात फुंकतात की टेकडीकडच्या शाळांतली, हे त्यांना पाहायचं होतं. त्यासाठी आठवड्याचे काही दिवस फुंकरबाई यंत्राची पेटी घेऊन शाळाशाळांतून हिंडत.

फुंकणं सोपं वाटतं. नाही. शाळकरी पोराला ओरडायला सांगा, चार वर्ग पलीकडे ऐकू जाईल. पण नाकाला चिमटा लाव, तोंडात पुठ्ठ्याची नळी धर, छाती फुटेस्तोवर श्वास भर आणि एका झटक्यात बाहेर फेक, संपला वाटला तरी फेकत राहा, असं म्हटलं की तेच पोर दुधावरची साय सरकवल्यासारखं हळूच ‘फू’ करतं. तिथं बाईंचा हातखंडा होता.

“हे बघ, समोर हेडमास्तर उभे आहेत असं समज,” बाई कानाशी सांगत. “डोक्यावर एकच केस उरलाय. तो आपल्याला उडवायचाय. भर श्वास! भर, भर, अजून भर... उडव! अरे, वाकला नुसता! सोडू नकोस, अजून, अजून, मुळासकट काढ!”

पोरं लालबुंद होईपर्यंत फुंकत. यंत्राच्या पडद्यावर रेघ डोंगरासारखी चढे आणि हवी तशी उतरे. शाळा बदलत, हेडमास्तर बदलत, केस मात्र तोच राही. एका शाळेचे हेडमास्तर तर भरघोस केसांचे होते. तिथली पोरं केस उडवायचा कुठला हे ठरवण्यातच दम घालवू लागली, तेव्हा बाईंनी त्यांना सांगितलं, “तो टोप आहे.”

आठवड्याचे उरलेले दिवस बाई प्रयोगशाळेत डोळ्यांवर असत. मॅडमचं दुसरं संशोधन मोतीबिंदूवर होतं. धुराचा आणि मोतीबिंदूचाही काही संबंध असावा असं मॅडमना वाटे. पण विभागातल्या शिपायाचं मत असं, की मॅडमना छाती आणि डोळा यांतलं काय धरावं ते ठरवता आलं नाही, म्हणून त्यांनी दोन्ही धरलं.

प्रयोग साधा होता. मंडईमागच्या खाटकाकडून बोकडांचे डोळे बर्फात घालून आणायचे. चीर देऊन आतलं भिंग अलगद बाहेर काढायचं. निघतं तेव्हा ते इतकं नितळ असतं, की पाण्याचाच थेंब घट्ट झालाय असं वाटावं. मग काही भिंगं साध्या खारट द्रावात ठेवायची, काही भरपूर साखर घातलेल्या द्रावात, आणि काही साखरेबरोबर एका पानाचा अर्क घातलेल्या द्रावात. साखरेतलं भिंग पाणी ओढून फुगतं आणि दोन-तीन दिवसांत दुधाळ होतं. मधुमेहाच्या माणसाच्या डोळ्यात ज्याला वर्षं लागतात, ते इथं बशीत बघता बघता होतं. अर्कामुळे ते दुधाळ होणं थांबतं का, एवढाच प्रश्न.

थांबलं की नाही हे ठरवायची रीत त्याहून साधी. चौकटीच्या कागदावर बशी ठेवायची, आणि भिंगातून खालच्या रेघा किती स्वच्छ दिसतात ते बघायचं. रेघा दिसल्या तर भिंग चांगलं, पुसट झाल्या तर बिघडायला लागलं, गायब झाल्या तर मोतीबिंदू पिकला. बाई हे डावा डोळा मिटून उजव्याने बघत. उभी हयात सूक्ष्मदर्शकाला उजवा डोळा लावण्यात गेली होती. बशी असो, सुईचं नाक असो, की दाराबाहेर कोण उभंय ते फटीतून पाहायचं असो, डावा आपोआप मिटे.

यात एक नियम होता, आणि पुढचं सगळं रामायण त्या नियमाचं. बशीवर फक्त अक्षर लिहिलेलं असे. कुठल्या अक्षरात काय आहे ते फक्त मॅडमना ठाऊक. ज्याला ठाऊक आहे त्याने बशीकडे बघायचं नाही, नाहीतर मनात असतं तेच दिसतं. आणि जिने बघायचं तिला काही ठाऊक असता कामा नये. मॅडम हा नियम इतका कसोशीने पाळत, की बशांच्या टेबलाजवळून जाताना त्या छताकडे बघत जात आणि दर वेळी स्टुलाला अडखळत.

पहिले काही महिने काम झकास चाललं. अर्कातल्या भिंगांतून रेघा दिसत, साखरेतल्या भिंगांतून दिसत नसत. मॅडम खूश होत्या. मग हळूहळू सगळंच बिनसलं. अर्कातली भिंगं धुरकट. साखरेतली तर धुरकट होतीच. आणि ज्यात काहीच नाही, त्या साध्या द्रावातलीही धुरकट!

“साधी कशी खराब होतील?” मॅडम कपाळाला हात लावून म्हणाल्या. “बाई, नीट बघितलंत?”

“मॅडम, मी आजवर कधी नीट नाही बघितलं?” बाई दुखावल्या. “धुक्यात तारेचं कुंपण दिसावं तशा रेघा दिसतायत.”

मॅडमनी पाणी बदललं, मीठ बदललं, बशा उकळून घेतल्या, दिवा नवा लावला. धुकं हटेना. शेवटी उरला बोकड.

“भिंगं मुळातच खराब येतायत,” मॅडम म्हणाल्या. “चला त्या खाटकाकडे.”

खाटीक गल्ल्यामागे सुरी पुसत होता. बाईंची आणि त्याची जुनी ओळख. बाई गेल्या की तो डोळ्यांचा डबा पुढे करून “घ्या ताई, नजर ठेवा” असं म्हणे आणि आपल्याच विनोदावर हसे. त्या दिवशी तो हसला नाही.

“तुमचे बोकड म्हातारे असतात का हो?” मॅडमनी सरळच विचारलं.

“मॅडम, म्हातारा बोकड विकला असता तर गिऱ्हाईक पडलेला दात घेऊन दारात आलं असतं.”

“पण त्यांच्या डोळ्यांत दोष आहे. मोतीबिंदूची सुरुवात आहे.”

“मोतीबिंदू? बोकडाला?” खाटकाने सुरी खाली ठेवली. “काल एक दावं तोडून पळाला. गल्लीच्या टोकाची कोथिंबिरीची जुडी त्याला इथून दिसली. मला नाही दिसली.”

“आमच्या बाईंनी मोजलंय.”

खाटकाने बाईंकडे पाहिलं. “ताई, तुम्ही?”

“मी,” बाई ठामपणे म्हणाल्या. “सगळी धुरकट होती.”

“बरं. मग उद्यापासून चष्मे लावतो त्यांना. दोरी कानाला बांधू की शिंगाला, तेवढं विज्ञानाला विचारून सांगा.”

मॅडमनी तिथल्या तिथे डबा परत केला आणि गावाच्या दुसऱ्या टोकाचा खाटीक धरला.

त्याच आठवड्यात बाई रस्त्याकडेच्या एका शाळेत होत्या. एक चिमणीएवढी मुलगी काही केल्या फुंकेना. बाईंनी हेडमास्तर काढले, केस काढला, तरी ‘फू’ काही वाढेना. शेवटी बाई अगदी तिच्या तोंडाशी वाकल्या आणि म्हणाल्या, “राहू दे गं. तुझ्याच्यानं नाही व्हायचं. तुझ्या धाकट्या भावाला बोलावते.”

मुलीने असा श्वास भरला की तिची कॉलर उभी राहिली, आणि असा सोडला की नळी ओठांतून सुटून बाणासारखी बाईंच्या खांद्यावरून गेली. मागोमाग आलेले सगळे तुषार थेट बाईंच्या उजव्या डोळ्यात.

“शाब्बास!” बाई पदराने डोळा दाबत ओरडल्या. “आता हेच नळी धरून कर!”

आणि तेवढ्यात त्यांचं लक्ष समोरच्या भिंतीकडे गेलं. भिंत पांढरी होती. सकाळपासून त्यांना ती चहा सांडल्यासारखी मळकी दिसत होती. शाळेला रंग द्यायला काय होतं, असं त्या मनात म्हणालेल्याही होत्या. बाईंनी पदर काढून डावा डोळा मिटला. भिंत मळकी. उजवा मिटला. पांढरी! डावा, मळकी. उजवा, पांढरी.

समोर बसलेल्या वर्गाला वाटलं, हा तपासणीचाच पुढचा भाग. सगळ्या वर्गाने मन लावून एक एक डोळा मिटायला सुरुवात केली. नेमके त्याच वेळी हेडमास्तर पाहणी करायला आत आले आणि फुंकरबाईंसकट सगळा वर्ग आपल्याला डोळा मारतोय हे पाहून आल्या पावली परत गेले.

बाई संध्याकाळी प्रयोगशाळेत एकट्या थांबल्या. नव्या खाटकाची भिंगं टेबलावर होती. जुन्या खाटकाची शेवटची, अजून फेकायची राहिलेली साध्या द्रावातली भिंगंही होती; त्यांची अक्षरं मॅडमनी केव्हाच उघड केली होती. बाईंनी आधी ती पुढे ओढली आणि उजव्याने पाहिलं. धुकं. मग जन्मात पहिल्यांदा उजवा मिटून डावा लावला. डाव्याला सवय नव्हती. तो लाजला, पाणावला, मग स्थिरावला. खाली चौकटी, एक एक रेघ पट्टीने आखल्यासारखी.

मोतीबिंदू बोकडाला नव्हता.

हे कळल्यावर कुणीही सरळ उठून मॅडमच्या खोलीत गेलं असतं. बाईही जाणार होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी नव्या भिंगांचे आकडे डाव्या डोळ्याने घेतले, ते मॅडमना दिले आणि बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात मॅडम खुर्चीवरून जवळजवळ उडाल्याच. साधी स्वच्छ, साखरेची दुधाळ, अर्काची बरीचशी स्वच्छ!

“बघितलंत?” मॅडम म्हणाल्या. “मी म्हटलं नव्हतं? बोकडच खराब होते!”

बाईंचं तोंड उघडलं होतं ते तसंच मिटलं.

गोष्ट अशी होती, की बाईंना भीती वाटत होती. ज्यांनी हयातभर डोळ्याला चीर देऊन भिंग बाहेर काढलंय, त्यांना डोळ्याला चीर देऊन भिंग कसं बाहेर काढतात हे वेगळं सांगावं लागत नाही. बाकीच्यांना देव आठवतो, बाईंना बशी आठवली. शिवाय दुसरी एक भानगड होती. यजमानांच्या दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया मागल्या वर्षी झाली होती, आणि काळा चष्मा लावून बसलेल्या नवऱ्याला बाई येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर विचारत, “मोतीबिंदू काढलाय की सिनेमात काम मिळालंय?” ते कण्हले तर म्हणत, “आमचे बोकड इतके ओरडत नाहीत.” आता तोच चष्मा नाकावर चढणार, आणि वर बशांचं टेबलही जाणार. डोळ्याने अधू तंत्रज्ञाला भिंगं मोजायला कोण देतं? मोजणं गेलं तर बाईंच्या हाती उरणार होता फक्त हेडमास्तरांचा केस.

तेव्हा बाईंनी ठरवलं, झाकली मूठ सव्वा लाखाची. यापुढे डाव्याने बघायचं, की झालं. कुणाचं काय बिघडलं?

बिघडलं खाटकाचं. विज्ञानाची बातमी हळू पोचते म्हणतात, पण ही मंडईत त्याच दिवशी पोचली. त्याला लोक ‘आंधळ्या बोकडवाला’ म्हणायला लागले. बाईंची शेजारीण जिन्यात भेटली आणि म्हणाली, “अहो, तुम्हीच शोध लावलात ना? बरं झालं बाई. आम्ही तिकडून मटण आणणं बंद केलं. उगाच खाऊन डोळ्यात उतरायचं.”

“मोतीबिंदू खाऊन होत नाही हो,” बाई म्हणाल्या.

“तुम्ही म्हणता तसं. पण जपलेलं बरं.”

त्या दिवशी बाईंनी जेवताना पाण्याचा पेला सरळ ताटातच ठेवला. यजमान पूर्वी घड्याळं दुरुस्त करत. त्यांचाही जन्म एका डोळ्याला भिंग लावण्यात गेला होता. त्यांनी पेला उचलून जागेवर ठेवला आणि विचारलं,

“उजवा ना?”

“काय उजवा?”

“मला शिकवू नकोस. गेले कित्येक दिवस तू माझ्या डाव्या बाजूला बसायची ती उजवीकडे बसतेस. दारातून बघताना मान वळवतेस. मी गप्प होतो.”

“का गप्प होतात?”

“म्हटलं, बोकड ओरडतो का ते बघू.”

बाईंना हसू आलं आणि रडूही आलं, आणि दोन्ही आवरताना त्यांनी सगळं सांगून टाकलं. बशा, खाटीक, शेजारीण, सगळं.

“एकदा माझ्या दुकानात,” ते म्हणाले, “एका गिऱ्हाइकाचं घड्याळ मी तीनदा पुढे केलं. मागे पडतं म्हणून. मग कळलं, माझ्या भिंतीवरचंच पुढे पळत होतं. त्याला मी सांगितलं नाही. तो माणूस पुढे वर्षभर सगळीकडे लवकर जात होता, बिचारा. लोकांच्या दारात ताटकळायचा.”

“म्हणजे मी सांगू?”

“मी घड्याळाचं सांगितलं. तुझं तू बघ. बघता येतंय तोवर.”

मॅडम सकाळी त्यांच्या खोलीत वार्षिक परिषदेच्या व्याख्यानाची तयारी करत होत्या. संगणकाच्या पडद्यावर मोठ्या अक्षरांत मथळा होता: ‘स्थानिक बोकडांमधील अकाली मोतीबिंदू: एक अनपेक्षित निरीक्षण’. खाली खाटकाच्या दुकानाचा नकाशासुद्धा काढलेला होता. गुरांच्या डॉक्टरांनाही बोलावणं गेलं होतं.

“या बाई,” मॅडम म्हणाल्या. “हा आपला शोध मूळ शोधापेक्षा मोठा ठरणार बघा. नक्की कुठल्या बोकडांत होतंय, तेवढं शोधायचं.”

“मॅडम,” बाई म्हणाल्या, “तो बोकड मी आहे.”

मॅडमना कळायला जरा वेळ लागला. बाईंनी जुन्या खाटकाची बशी बरोबर आणलीच होती. “नियम मोडा आणि बघा,” असं म्हणून त्यांनी ती चौकटीच्या कागदावर ठेवली. भिंगं आता शिळी झाली होती, पण रेघा अजून दिसत होत्या. मॅडमनी पाहिलं. चष्मा पुसून पाहिलं. मग बाईंना खिडकीशी नेऊन, पापणी वर करून, विजेरीने त्यांचा उजवा डोळा पाहिला. बाहुलीत करडं धुकं बसलं होतं.

“बाई,” मॅडम खुर्चीत बसत म्हणाल्या, “तुम्ही उभं आयुष्य मोतीबिंदूत काढलंत!”

“समोर होता तेव्हा दिसत होता, मॅडम. मध्ये येऊन बसला, तेव्हा नाही दिसला.”

मॅडमनी पडद्यावरच्या नकाशाकडे पाहिलं. बाई पदराचं टोक पिळत उभ्या होत्या. आपलं टेबल आजच जातंय हे त्यांनी गृहीत धरलं होतं.

“मी अख्ख्या इमारतीत सगळं तपासलं,” मॅडम म्हणाल्या. “पाणी, मीठ, दिवा, बोकड. फक्त माणूस तपासलं नाही. आंधळं दळतं, आणि दुसरं आंधळं छताकडे बघत स्टुलाला अडखळतं.” आणि त्या हसायला लागल्या. हसता हसता थांबल्या. “पण हे सगळे आकडे रद्द. उजव्याचे तर रद्दच, आणि डाव्याचेही. अर्धं एका डोळ्याने आणि अर्धं दुसऱ्याने, असं चालत नाही. सगळं पहिल्यापासून. आणि डोळा करून घेतल्याशिवाय बशीला हात लावायचा नाही.”

“आणि केल्यावर?”

“केल्यावर कोण मोजणार मग? मी? मला सगळं ठाऊक आहे. मला बघायची बंदी आहे.”

बाईंचा डोळा पुढच्याच महिन्यात झाला. कापायच्या आधी सर्जनने सवयीने सांगितलं, “श्वास रोखू नका.” बाई म्हणाल्या, “हे तुम्ही मला सांगताय?” आणि एकदाच इतका मोठा श्वास सोडला की तोंडावरचा कपडा फुगला. पुढे त्यांना काहीच दुखलं नाही, याचाच त्यांना जरा राग आला. एवढं घाबरल्याचं काही चीज झालं नाही. पट्टी बांधून झाल्यावर त्यांनी विचारलं, “माझं भिंग कुठाय?”

“आतच फोडून शोषून घेतलं. हल्ली अख्खं नाही काढत.”

“अरेरे! एवढं छान पिकवलं होतं. चौकटीवर ठेवून बघायचं होतं मला.”

घरी यजमानांनी आपला काळा चष्मा धुऊन, पुसून, पेटीत ठेवून तयारच ठेवला होता. “सिनेमा कुठला?” एवढंच त्यांनी विचारलं. बाईंनी तो बिनतक्रार घातला.

पट्टी निघाली, डोळा बसला, आणि मग मॅडम आणि बाई मंडईमागे निघाल्या. पहिल्यापासून करायचं तर भिंगंही पहिल्याच खाटकाची हवी होती. रस्त्याच्या पलीकडूनच बाई थबकल्या. दुकानाच्या दारावर खडूने लिहिलेली एक पाटी लटकत होती. बाईंनी सवयीने डावा डोळा मिटला आणि नव्या उजव्याने ती मोठ्याने वाचली:

“येथील बोकडांना मोतीबिंदू नाही.”

खाटकाने त्यांना पाहिलं होतं. तो हाताची घडी घालून उभा राहिला.

“वाचलंत? इतक्या लांबून?” तो म्हणाला. “मग चूक कुणाच्या डोळ्यात होती?”

“माझ्या,” बाई म्हणाल्या. “दादा, माझं चुकलं. मी शेजारणीलाही सांगितलंय, आणि ती एकटी सगळ्या मंडईला पुरते.”

“आणि या?” त्याने मॅडमकडे हनुवटी उडवली.

“माझंही चुकलं,” मॅडम म्हणाल्या. त्यांना असं बोलायची सवय नव्हती, हे ऐकणाऱ्याला कळत होतं. “तुमचे बोकड चांगले होते.”

“होते, हे बरोबर. आता त्यांची माफी मागायला उशीर झाला.” खाटीक आत गेला, थोडा वेळ तिथेच रेंगाळला, आणि बर्फाचा तोच जुना डबा घेऊन आला. “घ्या ताई. नजर ठेवा.” या वेळी तो हसला. मग पाटीकडे वळून म्हणाला, “पुसू का आता ही?”

“नको, राहू द्या,” मॅडम म्हणाल्या. “निष्कर्ष बरोबर आहे.”

“मग खाली सही करा.”

त्याने खडू पुढे केला. मॅडमनी सही केली, मागे सरकून ती पाहिली आणि खडू बाईंच्या हातात दिला. “तुम्हीही करा,” त्या म्हणाल्या. “मोजलंय तुम्ही.”